झऱ्याच्या आईची खोळ

बँकेत, दवाखान्यात किंवा लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं, "तुम्ही नोकरी कसली केलीत?" तर मी सांगते, "खापरं बघायचे." समोरचा माणूस सभ्य असेल तर तो विषय बदलतो. चौकस असेल तर विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी आहे.

पुरातत्त्वाच्या उत्खननात काही लोक खणतात, काही मोजतात, काही खड्ड्याच्या काठावर उभं राहून फोटो काढून घेतात. आणि एका बाजूला, जुन्या साडीचा मांडव घालून, घमेल्यात खापरं धूत बसलेली एक बाई असते. ती मी. सोनं, मूर्ती, शिलालेख ही पाहुणे मंडळी. आली तर आली. खापर मात्र रोज येतं आणि पोत्यानं येतं. मातीचं भांडं फुटायला मांजराचा धक्का पुरतो, पण फुटल्यावर त्याचे तुकडे काही केल्या संपत नाहीत. कुजत नाहीत, गंजत नाहीत आणि कोणी चोरतही नाही. म्हणून राजे कोण होते यावर विद्वान भांडत असतात तेव्हा त्यांची प्रजा भात कशात शिजवत होती, हे आम्ही शांतपणे सांगू शकतो.

काम अवघड नाही, चिवट आहे. खापर ब्रशनं धुवायचं, सावलीत वाळवायचं, आतल्या बाजूला शाईनं बारीक क्रमांक घालायचा. काठाचा तुकडा असेल तर त्याच्या वळणावरून भांड्याचं तोंड केवढं होतं ते कळतं. टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेलं, बद्द आला तर कच्चं. आत बारीक गोल रेघा असतील तर चाकावर घडवलेलं. बाहेरून काजळी असेल तर चुलीवर चढलेलं. बस्स. लोकांना वाटतं, आम्ही प्राचीन वैभव बघतो. आम्ही बघतो तो परक्या घरातला केर.

आणि त्या केराविषयी लोकांना पडणारे प्रश्न आमच्या पुस्तकांत नसतात. कुंडलकडचे एक बागायतदार, भूपाल अण्णा, एकदा धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक डेरा घेऊन माझ्याकडे आले. घराचा पाया खणताना अख्खा निघालेला. असा ऐवज मी नोकरीत मोजक्या वेळा पाहिला. मी काठ बघितला, पेंदा बघितला आणि भीत भीत म्हणाले, "अण्णा, हा सातवाहनांच्या काळातला असू शकतो. फार जुना आहे."

"जुना हाय ते दिसतंयच की," अण्णा म्हणाले. "त्यासाठी न्हाई आलो. ह्यात काय शिजवत हुते तेवढं सांगा."

"का?"

"आईला त्यात बियाणं ठेवायचं हाय. आमी जैन. ह्यात कुणी मटन-बिटन शिजवलं असंल, तर घरात कसं घ्यायचं?"

मी म्हणाले, प्रयोगशाळेत तपासता येतं. भांड्याच्या अंगात मुरलेली चरबी कधीकधी सापडते. अण्णांनी बराच वेळ डेऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात दोन्ही बाजूंचे वकील उभे राहिलेले मला दिसत होते.

"नको तपासायला," शेवटी ते म्हणाले. "इतकी वर्सं मातीत पाणी मुरतंय म्हंजे धुऊन निघालं असंल. काय म्हंता?"

डेरा सरकारजमा झाला आणि अण्णांच्या आईचं बियाणं पत्र्याच्या डब्यातच राहिलं. पण तो प्रश्न माझ्याजवळ राहिला. विचारायला आलेल्या माणसाला उत्तर हवं असतं की दिलासा, हे खापराची टिचकी ऐकून कळत नाही.

आता मुख्य गोष्ट.

वडूजच्या पुढे पूर्वेला गेलं की जमीन हळूहळू बोलायची थांबते. माळ, मुरूम, बाभळी, मेंढरं. कृष्णेचं पाणी त्या भागात बरीच वर्षं फक्त वर्तमानपत्रातून येत असे, आता कालव्यातूनही येतं म्हणतात. अशा त्या माळावर काळ्या खडकाच्या बेचक्यात एक झरा आहे, तो कधी आटत नाही. झऱ्याभोवती चार करंजाची झाडं, एक मोठा कडुनिंब आणि मूठभर हिरवळ. आमचे उत्खननप्रमुख भाषणात त्याला 'ओसाड प्रदेशातलं मरूद्यान' म्हणत. धनगरांची वस्ती त्याला झरा म्हणे. गावाचं नाव मी देत नाही. देवींच्या शोधात आधीच पुष्कळ लोक गाड्या घेऊन निघालेले असतात.

झऱ्याच्या वरच्या अंगाला एक टेकाड होतं, आणि ते टेकाड खापरांचं होतं. पाय ठेवाल तिथं खापर. आमच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे सर म्हणत आणि मीही म्हणते, त्यावर उभं राहून एक दीर्घ श्वास घेतला आणि जाहीर केलं, "हे प्राचीन कुंभारांचं उत्पादनकेंद्र आहे." जवळ पाणी होतं, ओढ्यात चिकण माती होती, माळावर जळण होतं. तर्क चांगला होता. सरांचे तर्क नेहमीच चांगले असत. फक्त ते पुराव्याच्या थोडे आधी येत.

उद्घाटनाला एक माननीय आले. झेंडूची कमान, सनई, 'प्राचीन कुंभनगरी' असा फलक. माननीयांच्या हातात नारळ देण्यात आला आणि फोडायला काहीतरी टणक हवं म्हणून त्यांनी आसपास बघितलं. जमिनीत सिमेंटमध्ये रोवलेली एक लोखंडी खुंटी त्यांना दिसली. उत्खननातली प्रत्येक खोली त्या एका खुंटीपासून मोजतात. नारळ तिसऱ्या दणक्याला फुटला आणि खुंटी कलली. टाळ्या वाजल्या. आमचा मोजणीवाला मांडवामागे जाऊन बसला तो जेवायलाही उठला नाही. पुढचा आठवडा आम्ही नव्यानं मोजमापं घेत होतो.

"सायबांनी पायाच हलिवला म्हना की," असं धोंडीराम म्हणाला. धोंडीराम वस्तीवरचाच, खड्ड्यातल्या कामगारांचा मुकादम. कुदळ वाटीसारखी हलकी चालवायचा आणि जीभ तिच्यापेक्षा हलकी.

काम सुरू झालं, खापरं यायला लागली आणि माझ्या घमेल्यात एक अडचण जमू लागली.

भांडी घडवण्याची जागा ओळखायची कशावरून, हे इथं सांगायला हवं. चांगल्या भांड्यांवरून नाही. चांगलं भांडं तयार झालं की निघून जातं, बाजारात, लग्नात, परगावी. घडवण्याच्या जागी मागे राहतं ते फसलेलं. कुंभाराचा आवा, म्हणजे भट्टी, पेटवल्यावर जाळ जास्त झाला की माती वितळते. भांडी वाकतात, कुशीवर पडतात, एकमेकांना चिकटून एक गठ्ठा होतात. त्याचा रंग हिरवट काळा, अंगावर काचेसारखी झाक. हा माल कोणी विकत घेत नाही आणि कोणी वापरतही नाही. म्हणून त्यावर काजळी नसते. एखाद्या टेकाडात असे गठ्ठे, राख, भाजलेली जमीन सापडली, तर तिथं आवा होता असं छातीठोक म्हणावं.

माझ्या घमेल्यातल्या खापरांवर काजळी होती. वरच्या थरात, खालच्या थरात, सगळीकडे. ही भांडी चुलीवर चढलेली होती, त्यांत आमट्या उतू गेल्या होत्या, काहींचे पेंदे घासून घासून पातळ झाले होते. त्यांनी संसार केलेला होता. मग ती फुटल्यावर एवढ्या संख्येनं झऱ्यापाशी कशी आली? माळावर तेवढी मोठी वस्ती कधी असल्याची काहीच खूण नव्हती.

उत्तर एका मंगळवारी आपल्या पायांनी चालत आलं. कोकणातून मेंढरं घेऊन परतलेली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन टेकाडावर चढली. पाटीत तडकलेला माठ होता. माठाचे तुकडे तिनं खाली सांडले नाहीत, एकेक करून ठेवले. त्यांच्यावर एक चिमूट हळद टाकली आणि आली तशी गेली. तिच्या मागून आलेल्या दुसरीच्या पाटीत फुटकी प्लॅस्टिकची घागर होती. तीही तशीच ठेवली गेली.

"फुटल्यालं घरात ठिवायचं न्हाई, वाटंवर टाकायचं न्हाई," झऱ्यावरच्या ठकूमावशीनं मला सांगितलं. "आईपाशी आणून ठिवायचं. तिची नजर ऱ्हाती त्यावर."

म्हणजे आम्ही ज्याला कारखान्याचा कचरा समजून मोजत होतो, ते टेकाड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी देवीच्या हवाली केलेली फुटकी भांडी होती. अशी चूक खापरं वाचणारी माणसंच करू शकतात. दुसऱ्या कोणाला ते टेकाड फक्त टेकाड दिसलं असतं.

ठकूमावशी त्या देवीची पुजारीण. झऱ्याच्या वर, कडुनिंबाखाली, दगडी चौथऱ्यावर देवी होती. झऱ्याची आई. मूर्ती म्हणावी असा आकार नव्हता. गुडघ्याएवढा शेंदराचा ओबडधोबड गोळा आणि त्याला चांदीचे दोन डोळे. वर्षानुवर्षं तेलातला शेंदूर लावून लावून थर चढलेला, हाताच्या पंजाएवढा जाड. मावशी रोज तिला झऱ्याचं पाणी घालायची, मंगळवारी शेंदूर. दुपारी ऊन चढलं की माझ्या मांडवात येऊन बसायची. मी खापरं धुवायचे, ती बघायची. कधी तीही एखादं घासून द्यायची, देवीचं भांडं घासावं तसं.

आपल्याविषयी ती फार बोलली नाही. एकदाच म्हणाली, "दोनदा पोट ऱ्हायलं, टिकलं न्हाई. नवरा हितं आणून सोडून गेला. नवस फेडून म्हायेरी जा म्हनला. म्हायेरी कशाला जायचं? ऱ्हायले हितंच." आणि हातातलं खापर उन्हाकडे धरून म्हणाली, "हे बघ गं, ह्याला कान हुता."

त्यानंतर काही दिवसांनी सरांनी देवीला नमस्कार केला. सर सहसा कुठं वाकत नसत. त्या दिवशी फोटोसाठी वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. वस्तीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली, सायबाची लय भक्ती म्हणून. सर उठले ते पांढरेफटक. मला बाजूला घेऊन म्हणाले, "खाली, चौथऱ्यालगत बघा. शेंदूर उडालाय."

मी बघितलं. बोराएवढी जागा उघडी पडली होती. हिरवट काळी. वर काचेसारखी झाक.

देवी म्हणजे आव्यातला चिकटलेला गठ्ठा असावा. तसं असेल तर सगळ्या टेकाडात मिळाला नव्हता तो पुरावा चौथऱ्यावर बसून आमच्याकडे चांदीच्या डोळ्यांनी बघत होता. किंवा तो नुसता ज्वालामुखीचा दगड असेल, तोही असा दिसतो. बोराएवढ्या खिडकीतून ठरवता येत नव्हतं. सरांना ठरवायचंच होतं. दुसऱ्या दिवशी ते रसायनतज्ज्ञाला घेऊन, मऊ ब्रश आणि बाटल्या घेऊन चौथऱ्यापाशी गेले. शेंदूर काढतो, बघतो, पुन्हा लावून देतो, असं त्यांनी गोड आवाजात समजावलं.

धोंडीरामानं कुदळ खाली ठेवली. मागोमाग सगळ्यांनी ठेवल्या. कोणी ओरडलं नाही. सगळे कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसले आणि तंबाखू मळू लागले.

ठकूमावशी मात्र उठली. "सायेब, आई खोळ टाकती," ती म्हणाली. "शेंदूर लय झाला की आपली आपण टाकती. तवा परगावची बाई तिला आंगूळ घालती. आमी पाठ करून बसतो."

"तुम्ही का नाही बघत?" सरांनी विचारलं.

"आईला उगडी बघत्यात व्हय?"

सर म्हणाले, हे शास्त्राचं काम आहे, यात अपमान नाही. मावशीनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. ती त्यांच्या खांद्यापर्यंतही येत नव्हती.

"तुमची आई म्हातारी झाली तवा तिचं लुगडं वडून बघितलंसा का, आत काय हाय म्हून?"

मी सरांबरोबर पुष्कळ वर्षं काम केलं. भर सभेत त्यांना गप्प झालेलं कधी पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी ब्रश पेटीत ठेवला, टोपी घातली आणि तंबूकडे गेले. पोलीस बोलावता आले असते, परवानगी होती. त्यांनी बोलावले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते. अहवालात मात्र त्यांनी 'प्राचीन कुंभनगरी' असंच लिहिलं. मी खाली बारीक टीप जोडली, की खापरांवर काजळी आहे आणि आव्याचा निःसंशय पुरावा मिळालेला नाही. सरांनी ती छापू दिली. आमच्या शास्त्रात 'ठाऊक नाही' असं लिहायची सोय आहे, फक्त ती फारशी कोणी वापरत नाही.

मुक्काम हलवायच्या आदल्या दुपारी मावशी मांडवात आली. मांडव अर्धा सोडलेला होता.

"तू खापरं बघून सांगतीस ना गं, कुटलं काय ते?"

"थोडंफार."

"मग मला सांग. आत आई हाय, का नुस्ता धोंडा हाय?"

माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"लोक म्हंत्यात आई हाय. मी बी म्हंते. समदा जलम पानी घातलं. पर बघितलं कुनी? मी नवी आले तवा एकडाव खोळ पडली हुती. भायेरची एक बाई आंगूळ घालून गेली. मी इचारलं तिला. तर म्हनली, लय ग्वाड हाय. आन् गेली निगून. ग्वाड मंजी काय? गूळ हाय का आत?" मावशी हसली, पण डोळे हसले नाहीत. "मरायच्या आदी कळावं वाटतंय. मी कुनाला पानी घातलं ते."

"बघितल्याशिवाय मी कसं सांगू, मावशी?"

"मग बगशील तवा सांग. खरं सांग. सायबावानी लांबड लावू नगं."

मी हो म्हणाले. निरोपाच्या वेळी आपण पुष्कळ गोष्टींना हो म्हणतो.

पुढे मी सेवानिवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेतलं, कराडात घर केलं. गुडघे बोलू लागले. सर पुण्याला मुलाकडे गेले, त्यांची दृष्टी अधू झाल्याचं कळलं. आणि मागच्या उन्हाळ्यात धोंडीरामाचा फोन आला.

"ताई, आईनं खोळ टाकली."

"कधी?"

"आज सकाळच्याला. मावशी म्हनती, बाईला बोलवा. परगावची, वयानं थकल्याली, आन् तिनं शबुद दिलाय. लगोलग या. आंगूळ होईस्तवर वस्तीवर चूल पेटत न्हाई."

"अरे, म्हणजे सगळे उपाशी?"

"व्हय. तवा इचार करत बसू नका."

मी कराडहून वडूजची गाडी धरली. वाटभर माझ्यातली खापरवाली माझ्यातल्या बाईशी भांडत होती. आयुष्यभर पोरांना सांगत आले, पुराव्याला ओला हात लावू नका. आणि आता मीच त्याला न्हाऊ घालायला निघाले होते.

झऱ्यावर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बायकांनी चौथऱ्याभोवती घोंगड्या धरून आडोसा केला होता, तोंडं बाहेरच्या बाजूला. पुरुष माळावर पाठमोरे बसलेले. धोंडीरामाचे केस पांढरे झाले होते. 'कुंभनगरी'च्या फलकावरची अक्षरं उन्हानं खाल्ली होती, तिथं एक करडू अंग खाजवत होतं. आणि आडोशाला पाठ लावून, पदर डोळ्यांवर ओढून ठकूमावशी बसली होती. एवढीशी झाली होती. माझी चाहूल लागताच तिनं हात पुढे केला. मी माझा फोन तिच्या ओटीत ठेवला. तिनं मागितला नव्हता. पण माझ्याजवळ राहिला असता तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक होतं.

"जा," ती म्हणाली. "पानी गार हाय. हळू घाल."

मी आत गेले. खोळ तुकडे होऊन चौथऱ्याभोवती पडली होती, लाल जाड कवचासारखी. मधे ती होती.

दगड नव्हता. चार भांडी होती. एकावर एक रचलेली, आव्यात जाळ भडकल्यावर मऊ होऊन कललेली, प्रवासात झोपलेली भावंडं एकमेकांच्या खांद्यावर कलतात तशी. सगळ्यात वरच्याची मान खालीच गेलेली. हिरवट काळी काच अंगावर ओघळून थिजलेली. आत-बाहेर रेघा, चाकाच्या. काजळीचा डाग कुठं नाही. मी टिचकी मारली नाही. एवढं भान राहिलं.

पाणी घालताना हात सांध्यांत गेला आणि बोटाला लाल लागलं. शेंदूर नव्हता. शेंदराचा लाल वेगळा, तेलकट. ही कोरडी, मातकट तांबडी पूड होती. गेरू. शेंदराच्या फार आधी कोणीतरी हिला गेरू लावला होता. आणि ती चौथऱ्यावर नुसती ठेवलेली नव्हती. तिच्या वाकड्या बुडाला बसतील असे दगड निवडून, फटींत माती लिंपून, डगमगू नये म्हणून बेतानं बसवलेली होती. फसलेला माल आव्याशेजारी फेकून देतात. हा उचलून इथं आणला होता.

"दिसलं?" घोंगडीपलीकडून आवाज आला.

"दिसलं, मावशी."

"काय हाय?"

घोंगड्या धरलेल्या बायकांची कुजबुज थांबली. मला भूपाल अण्णांचा डेरा आठवला. 'लय ग्वाड हाय' म्हणून निघून गेलेली ती बाई आठवली, आणि पहिल्यांदाच तिची दया आली. आई आहे, एवढं म्हटलं की सुटले असते. पण माझं उभं आयुष्य दुसरं काही न करता खापराला खापर म्हणण्यात गेलं होतं, आणि मावशीनं त्याच बाईला बोलावलं होतं.

"भांडी आहेत, मावशी," मी म्हणाले. "चार. आव्यात जाळ जास्त झाला. वाकली, एकमेकांना चिकटली. कुंभाराला विकता आली नसती. कोणाच्या घरी गेली नाहीत."

माझ्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"मंजी वाया गेल्याली," मावशी म्हणाली.

"हो."

"मग टाकली का न्हाईत?"

"टाकली नाहीत. कोणीतरी उचलून इथं आणली. खाली नीट दगड लावले, हलू नये म्हणून. गेरू लावला. फार जुनी गोष्ट आहे. शेंदराच्याही आधीची."

"कुनी?"

"ठाऊक नाही."

"का?"

"तेही ठाऊक नाही, मावशी. आमच्या शास्त्राला कळण्यासारखं नाही ते."

मग घोंगडीपलीकडून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, हळूहळू, पोटातून, पदरात तोंड घालून.

"अगं, मग आईच हाय की," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटत हुतं, धोंडा असंल म्हून. धोंड्याला काय ठावं, वाया जानं." आणि मग, बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "उचलून ठिवली तिला कुनीतरी. बगा गं. फुटल्यालं का आनून ठिवतो आपुन हितं, ते बगा."

नंतर माझ्या हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी आली. पहिला हात न्हाऊ घालणारीनं लावायचा असतो. मी लावला. मान गेलेल्या वरच्या भांड्यापासून सुरुवात केली. जो पुरावा आम्हाला एवढ्या मोठ्या टेकाडात मिळाला नाही, तो माझ्याच बोटांखाली पुन्हा एकदा नाहीसा होत गेला. शेवटी चांदीचे डोळे बसवले. बाहेर कोणीतरी चूल पेटवल्याचा वास आला.

खोळीचे तुकडे पाण्यात सोडायचे असतात. कृष्णा-कोयनेच्या संगमात सोडायचं म्हणून ते एका फडक्यात बांधून माझ्याबरोबर दिले. निघताना मावशीनं माझे लाल हात आपल्या हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाली, "सायबाला सांग. त्यांना बी कळायला पायजे. बोराएवढंच बघितलं हुतं त्यांनी."

संगमावर फडकं सोडून तुकडे बघितले. एका तुकड्याच्या आतल्या बाजूला चाकाच्या रेघा उलट्या उमटल्या होत्या, स्पष्ट. तो ठेवून घ्यावा असं वाटलं नाही, असं लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. वाटलं. सोडला.

मग सरांना फोन लावला.

"काय होतं आत?" नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी विचारलं.

"आव्यातला गठ्ठा. चार भांडी. काजळी नाही. तुमचं बरोबर होतं, सर. नगरी नसेल, पण जवळपास कुठंतरी आवा होता."

सरांचा श्वास ऐकू आला. मी वाट बघितली, भाषण सुरू होईल म्हणून.

"फोटो?"

"नाहीत."

"मोजमापं? एखादा तुकडा?"

"नाही, सर."

"आता कसं आहे?"

"शेंदूर लावलाय."

"कोणी?"

"मी."

मग सर म्हणाले, अगदी हळू, साइटवर एखादं नाजूक भांडं उचलताना बोलायचे तसं,

"सांध्यांतून नीट गेला ना? तिथं पाणी साठतं हो."

"गेला, सर," मी म्हणाले. "बोटानं लावला."